बोट दाखवल्याची जागा

बहारीनमध्ये हिवाळा आला हे मला कानांवरून कळतं. डिसेंबरात कधीतरी घरातला एसी बंद होतो. आठ-नऊ महिने डोक्यात घरघरणारा तो आवाज थांबला की उम्म अल हस्समची आमची गल्ली एकदम खोलीत शिरते. समोरच्या कॅफेटेरियातल्या कपबश्या, गाड्यांचे हॉर्न, अजान, खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंचं मुलांवर ओरडणं. लोक या दिवसांची वाट बघतात. वाळवंटात तंबू ठोकतात, कोळशावर मांस भाजतात. मी मात्र पहिले दोन-चार दिवस उगाच दचकत असतो. हलीमा म्हणते, "आता काय फुटायचं राहिलंय?" माझ्या बायकोला सगळं ठाऊक आहे, तरी दरवर्षी म्हणते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक हिवाळा असा आला, की एसी बंद केला आणि स्फोट ऐकू आला. आगीत टाकलेला गॅसचा सिलिंडर फुटतो तेव्हा आवाज कानाला नंतर कळतो, आधी छातीला कळतो. खिडकीची काच थरथरायची. मग लांबून आरडाओरडा, मग अश्रुधुराच्या नळकांड्यांचे पोकळ ठो ठो, मग शांतता, आणि तिच्यात जळणाऱ्या टायरांचा वास. तो वास दोरीवरच्या कपड्यांत राहायचा, केसांत राहायचा, भातात उतरायचा. आमची सना तेव्हा पहिली-दुसरीत होती. गृहपाठावरून मान वर न करता ती विचारायची, "अब्बा, इज इट अवर स्ट्रीट?" मी नाही म्हणालो की पुन्हा लिहायला लागायची. पोरीला एवढंच कळायला हवं असायचं. खरं सांगायचं तर मलाही.

भांडण इथल्या लोकांचं होतं, त्यांच्या सरकारशी. नोकऱ्या नव्हत्या, पकडून नेलेली माणसं परत येत नव्हती, आणि आपलं कुणी ऐकत नाही हा संताप गावागावांत साठला होता. त्या नोकऱ्यांवर आमच्यासारखी माणसं बसली आहेत, हाही त्या संतापातला एक तुकडा होता. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण गल्लीच्या तोंडाशी आग दिसली की कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक हे सुचत नाही, आधी आपली पोर घरात आहे ना ते माणूस बघतो.

आमचं वर्कशॉप मआमीरला लागून होतं. एका बाजूला सित्राचे कारखाने आणि टाक्या, दुसऱ्या बाजूला मआमीरची बुटकी घरं. आम्ही पाइप जोडायचो, वेल्डिंग करायचो. माल आला की तो तपासून घेणं माझं काम. बाळा मोरे आमचा ड्रायव्हर. पोलादपूरच्या वर, घाटाच्या तोंडाशी त्याचं गाव, माझं खेडजवळ. म्हणजे आम्ही एकाच डोंगराच्या दोन बाजूंचे. बाळाला मासळीशिवाय घास उतरत नसे. मआमीरच्या कोपऱ्यावर अली नावाचा तिशीच्या आतला एक माणूस आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर मासळी मांडून बसायचा. बाळाचा आवडता मासा साफी. आखातात 'नाही'ला मफी म्हणतात, 'आहे'ला फी. त्यामुळे रोज सकाळी गाडी हळू करून बाळा ओरडायचा, "अली, साफी?" आणि अली हात उडवून दुसऱ्या माशाचं नाव सांगायचा, "साफी मफी! शेरी फी!" मग दोघंही हसायचे. दोघांना मिळून एवढीच भाषा येत होती आणि तेवढ्यावर तीन वर्षं दोस्ती चालली होती.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी दुपारची नमाज आटोपून मी वर्कशॉपच्या फाटकात उभा होतो. रस्त्यावर आडवे टायर पडलेले लांबूनच दिसत होते आणि आमची पिकअप तिकडेच वळत होती. मी ओरडलो, पण तेवढ्या अंतरावरून ओरडण्याला काय अर्थ. घरांच्या मधून तोंडाला फडकी बांधलेली माणसं धावत आली. पेट्रोलची बाटली बॉनेटवर फुटली आणि गाडीच्या पुढचा भाग एकदम पेटला. त्याच क्षणी काच फुटल्याचा आवाज आला. बाळा दार उघडून बाहेर पडला तेव्हा त्याची बाही पेटलेली होती आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं होतं. तो जळता हात तोंडावरून काढीना. मी आणि एक पंजाबी वेल्डर धावलो, त्याला वाळूत लोळवलं. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. आमच्या मागे पिकअपचे टायर एकेक करून फुटले.

हात भाजला होता, तो बरा होणार होता. डावा डोळा गेला. डॉक्टरांनी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही उभ्याउभ्या. बाळाने डॉक्टर जाईपर्यंत वाट पाहिली. मग त्याने मला जवळ बोलावलं.

"भाई, दगड अलीनं मारला."

"तोंडाला फडकं होतं ना?"

"दगड मारताना सुटलं. बघितलं मी त्याला. आणि त्यानं बी मला बघितलं."

पोलीस येऊन गेले होते. कुणाकुणाला पकडलं होतं. बाळाला दवाखान्यातून सोडलं की ठाण्यावर येऊन ओळख पटवायची होती. बाळा म्हणाला, "मला काय बोलता यायचं नाय. तुम्ही संगती चला. तुम्हाला अरबी येतं."

आमच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या हिंदू मंडळींचा हा ठाम समज होता. भाई मुसलमान, भाई कुराण वाचतात, अर्थात भाईंना अरबी येतं. मी खेडला मौलवींच्या छडीखाली अलिफ-बे शिकलो. अक्षरं घडाघडा वाचतो, अर्थ विचारलात तर बोंब. माझी बोलायची अरबी बाळाच्या अरबीपेक्षा फार तर वीतभर लांब. पण त्या पलंगापाशी हे सांगायची वेळ नव्हती. मी हो म्हणालो. आणि त्याच आठवड्यात कंपनीने मला चीनला पाठवलं.

ते आधीपासून ठरलेलं होतं. दक्षिण चीनमधल्या एका कारखान्यातून आम्ही व्हॉल्व घेणार होतो आणि माल निघण्यापूर्वी कुणीतरी बघून यायला हवं होतं. विमान समुद्रावर आलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं. तो वास मागे राहिला याचं बरं वाटलं.

मागच्या वर्षी सनाने फोनवर काही फोटो पाठवले. ती आता दुबईत नोकरी करते, नवऱ्याबरोबर चीनला फिरायला गेली होती. डोंगर, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, धुकं, काळ्या कौलांची घरं, पाण्यावर फिरणारं लाकडी चाक. खाली लिहिलेलं, 'अब्बा, सो पीसफुल!' गाव तेच नसेल, पण भाग तोच असावा. मी 'खूप छान' असं उत्तर पाठवलं. मग मला फार राग आला, आणि कुणाचा आला ते कळेना.

कारखान्याच्या मालकाने रविवारी मला तसल्याच एका गावात नेलं होतं. बरोबर मिस लियू नावाची त्यांच्या ऑफिसातली मुलगी, दुभाषी म्हणून. वळणं घेत गाडी वर चढू लागली आणि मी खिडकीला नाक लावून बसलो. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढताना दिसतं तसंच होतं सगळं. फक्त साग-ऐनाच्या जागी बांबू. दगडी बांधांवर शेवाळ, घरांच्या भिंतींवर सुकायला टांगलेली केशरी फळं, ओढ्याचं पाणी इतकं स्वच्छ की तळचे गोटे मोजून घ्यावेत. आखातात बारा वर्षं काढलेल्या कोकणी माणसाला पाण्याचा नुसता आवाज पुरतो. माझे डोळे भरून आले. मिस लियूला वाटलं मला गाडी लागली. तिने आल्याचा तुकडा काढून दिला.

गाव क्रांतीचं होतं. त्याच्या साठ वर्षांपूर्वी कम्युनिस्टांच्या लाल सेनेची एक तुकडी इथे राहून गेली होती. एका घराचं संग्रहालय केलेलं: गवताच्या चपला, गंजलेली बंदूक, बिगूल, भोपळा शिजवायची मोठी कढई. घरांच्या भिंतींवर सैनिकांनी चुन्याने लिहिलेली वाक्यं जपून ठेवली होती. मालक सगळं अभिमानाने दाखवत होता, जेवणात माझ्या ताटात डुकराचं काही येऊ नये म्हणून स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बजावून आला होता. चांगला माणूस. मग त्याने आम्हाला गावच्या पूर्वजांच्या मंदिरासमोर नेलं. तिथे फरसबंद अंगण होतं आणि एका बाजूला गोळ्यांनी भोकं पडलेली भिंत, तिच्यावर माहितीची पाटी. शाळेची सहल आली होती. मुलं भोकांत बोटं घालून फोटो काढून घेत होती.

मिस लियूने पाठ केल्यासारखं सांगितलं. लाल सेना डोंगर ओलांडून निघून गेल्यावर सरकारी फौज परत आली. गावाला या अंगणात उभं केलं. लाल सैनिकांना कुणी जेवू घातलं, कुणी लपवलं, असं विचारलं. एका गद्दाराने बोट दाखवलं. ती माणसं या भिंतीपाशी शहीद झाली.

भिंतीच्या सावलीत एक म्हातारी सुकवलेली फळं विकत होती. सत्तरीची असेल. इंग्रजी कळत नसलं तरी मिस लियू भिंतीकडे हात करून काय सांगतेय ते ओळखून ती आमच्याकडे बघून काहीतरी बोलली. मिस लियूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मालक फोटो काढायला पुढे गेला होता. मी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"काही नाही. त्यांची बोली मला नीट समजत नाही."

म्हातारी पुन्हा बोलली, या वेळी हात हलवून. मी पुन्हा विचारलं. ती मुलगी लाल झाली, पण तिने सांगितलं. एकेक वाक्य थांबून, इंग्रजी शब्द शोधत.

"त्या म्हणतात, गोळ्या थोड्यांनाच मारल्या. गोळ्या वाचवायच्या होत्या. बाकीच्यांना भात कापायच्या विळ्यांनी मारलं. गावचेच विळे होते. म्हणतात, हे त्या पाटीवर लिहीत नाहीत."

मी म्हणालो, "त्यांनी पाहिलं?"

म्हातारीने माझ्याकडे पाहत उत्तर दिलं. मिस लियूचा आवाज आणखी खाली गेला. "बोट दाखवणारा त्यांचा बाप होता. यांच्या गळ्याला विळा लावला होता, मग त्याने दाखवलं. शेजाऱ्याकडे दाखवलं. शेजारी खरंच सैनिकांना जेवू घालत असे."

पुढचं मला आजही शब्दशः आठवतं, कारण ती मुलगी ते सांगताना एकदाही थांबली नाही. कम्युनिस्टांची सत्ता आली, तेव्हा याच अंगणात त्या शेजाऱ्याच्या मुलाने उभं राहून म्हातारीच्या बापाकडे बोट दाखवलं. त्याला काठ्यांनी मारलं, मरायला संध्याकाळ झाली. मग बऱ्याच वर्षांनी दंडाला लाल पट्टे बांधलेली पोरं आली. त्यांनी पुन्हा गाव गोळा केलं आणि या बाईला पुढे ओढून विचारलं, सरकारविरुद्ध कोण बोलतं? शेजाऱ्याचा मुलगा बोलत असे. तिने ऐकलं होतं. तिने बोट दाखवलं. त्यांनी त्याचे गुडघे फोडले.

"तो आहे अजून," म्हातारीने सांगितलं. "हिवाळ्यात मला सरपण आणून देतो. ढोपरं टेकत येतो, दारात टाकतो, जातो. बोलत नाही. मीही बोलत नाही."

माझ्या मनात बाळा होता. दुसरं काही नव्हतंच. मी मिस लियूला म्हणालो, यांना विचार, एखाद्याने खरंच पाहिलं असेल, त्याचा स्वतःचा डोळा गेला असेल, तो खोटं बोलत नसेल, तर? त्यानेही बोट दाखवू नये?

म्हातारीने प्रश्न पुरता ऐकून घेतला आणि ती चिडली. फळांवरच्या माश्या हाकलता हाकलता ती मोठ्याने बोलली.

"त्या म्हणतात," मिस लियू म्हणाली, "आमच्यापैकी खोटं कोण बोललं? सगळी बोटं खरीच होती."

आम्ही चहा घेतला, डोंगर पाहिले, उतरलो. चहा उत्तम होता. एवढं सुंदर गाव मी नंतर कधी पाहिलं नाही, आणि ते सुंदर होतं याचाच मला मनापासून वैताग आला होता. डोंगरांनी थोडी तरी लाज बाळगायला हवी होती असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

परत आलो तर विमानतळावरून घरी येतानाच कडेला जळलेल्या टायरांच्या तारा दिसल्या. बाळा खोलीवर आला होता. डोळ्यावर पट्टी, हात गळ्यात. ठाण्यावर जायचा दिवस ठरला होता. गाडीत मी त्याला ते सगळं सांगितलं. अंगण, विळे, म्हातारी. तो समोर बघत ऐकत होता.

"संपलं?" त्याने विचारलं.

"संपलं."

"मग ती चीनची म्हातारी माझा डोळा देणार काय मला?"

माझे दोन्ही डोळे जागच्या जागी होते. गोष्ट सांगणं सोपं होतं. मी म्हणालो, "तुझं तू ठरव. मी तुझा शब्द फिरवणार नाही."

"ठरलंय," तो म्हणाला. "सांगणार मी."

ठाण्यातल्या एका खोलीत पाच-सहाजण भिंतीला लावून उभे केले होते. सगळ्यांची तोंडं सुजलेली. अली कडेला होता. त्याचा वरचा ओठ फाटला होता आणि एक कान इतका काळानिळा झाला होता की तो त्याचा वाटत नव्हता. तो उभा राहत होता म्हणण्यापेक्षा भिंत त्याला धरून होती. आम्ही आत आलो तेव्हा त्याने बाळाची पट्टी पाहिली आणि मान खाली घातली. मला त्या क्षणी अलीची कीव आली. मग बाळाकडे बघितलं आणि अलीला तिथेच तुडवावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

अधिकारी टेबलामागे उभा होता. त्याने बाळाला विचारलं, यातला कोण? एवढं बाळाला माझ्याशिवायही कळलं. तो दोन पावलं पुढे गेला, नेमका अलीसमोर उभा राहिला. चांगला हात कमरेपर्यंत वर आला. आणि मग कुणाच्या तरी पाया पडताना बोलावं तसं तो पुटपुटला, "माफी... माफी रे बाबा."

अधिकाऱ्याने झटकन मान वर केली. "मफी?"

त्याला 'नाही' असं ऐकू आलं होतं. यातला कुणी नाही. आपली माफी मुळात अरबांकडूनच आली म्हणतात, पण या खोलीत तिला कुणी ओळखलं नाही. बाळा नाही म्हणत नव्हता. बोट दाखवण्याआधी तो ज्याला दाखवायचं त्याची क्षमा मागत होता. आमच्याकडे दावणीचं जनावर खाटकाच्या हाती देताना माणसं मागतात तशी.

अधिकारी माझ्याकडे वळला. तू सांग, काय म्हणाला हा? मी बाळाला मराठीत म्हणालो, "बाळा, साहेबाला 'नाही' असं ऐकू आलंय. तू काय म्हणालास ते विचारतायत. काय सांगू?"

बाळाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो अलीकडेच बघत होता. अली डोळे मिटून ओठातल्या ओठात काही म्हणत होता, बहुधा कलमा. बाळाचा हात तसाच अर्धवट वर होता. पंखा फिरत होता. कुणीतरी बाहेर ओरडत होतं आणि मग ओरडायचं थांबलं.

"ऐकलं तेच असू दे," बाळा म्हणाला.

मी सांगितलं, "मफी."

"खलास," अधिकारी म्हणाला. वैतागून त्याने कागद उलटा टाकला. "यल्ला, बाहेर." आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत मागे फटका बसल्याचा आवाज आला. कुणाला बसला ते आम्ही वळून पाहिलं नाही. अलीला त्यांनी सोडलं की दुसऱ्या कशात अडकवलं, हे मला कधीच कळलं नाही. त्या कोपऱ्यावर मासळीची गाडी नंतर दिसली नाही, आणि मी चौकशीही केली नाही.

बाळा गाडीत बसला आणि चांगल्या हाताने डॅशबोर्डवर बुक्क्या मारू लागला. एक, दोन, कितीतरी. प्लॅस्टिक तडकलं, त्याची बोटं फुटली, पट्टीखालून पाणी ओघळलं. मी त्याला अडवलं नाही. थकल्यावर तो आपोआप थांबला.

"मोठं काम केलंस," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणालो.

"काय नाय केलं," तो म्हणाला. "हात वरच जाईना, म्हणून राहिलं. उद्या जाईल."

"उद्या कुठे जायचंय आपल्याला?"

"भाई, मला गावाला पाठवा. आजच बोला कंपनीच्या साहेबाशी." तो रडत नव्हता, अगदी शांतपणे बोलत होता. "हितं राहिलो तर एक दिवस मी परत येऊन सांगणार. दारू पिऊन नाय, शुद्धीत सांगणार. खरं हाय ना ते, म्हणून सांगणार."